ती रमली, मी नाही

ताई, नमस्कार.

माझं वय ७८. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, शेवटची अकरा वर्षं सांगली स्टँडवरच काढली. घर गावभागात. तीन वर्षांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे. ती ७४ वर्षांची आहे. अडीच वर्षं तिचं सगळं मी केलं. आंघोळ, कपडे, संडास, गोळ्या. वेणी घालायलासुद्धा शिकलो. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. मग माझी कंबर धरली, आणि एकदा तिला कमोडवरून उठवताना दोघंही पडलो. मुलगी मिरजेत असते. तिने चौकशी करून सांगली-मिरज रस्त्यापासून आत असलेल्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे मदतीला माणसं असलेल्या वृद्धनिवासात, आम्हा दोघांना जोडखोली घेतली. सात महिने झाले.

तक्रार अशी, की बायको इथे रमली आहे. सकाळी व्यायाम, अकराला भजन, दुपारी चार बायकांचा बदाम सातचा अड्डा. मी खोलीत. तिचं करायला मुली आहेत, मला हात लावू देत नाहीत. "आजोबा, तुम्ही बसा." पुरुष माझ्याशिवाय पाच. दोघांना ऐकू येत नाही, एक झोपूनच असतो. साडेचारला सगळ्यांना गोल बसवून टोपलीत चेंडू टाकायला लावतात, पडला की टाळ्या आणि "शाब्बास बाळा". आषाढीच्या गर्दीत अख्खा स्टँड हलवलेला माणूस मी! रात्रीचं जेवण सातला, कोंबड्यांसारखं. परवा तिच्या हसण्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. लग्नाला ५१ वर्षं झाली, इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मी ठरवलंय, गणपतीच्या आधी तिला घरी न्यायचं. दवाखान्यातल्यासारख्या कॉटची चौकशी केली आहे, दिवसाला एक बाई मिळेल. मुलीला अजून बोललो नाही. बायकोलाही नाही, आधीपासून तिच्या जिवाला घोर नको. माझं बरोबर आहे ना?

एक वाचक, सांगली

*

काका, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण मला काकूंच्या तोंडचं एखादं वाक्य हवं होतं. एकही सापडलं नाही. त्यांचा झटका आहे, वेणी आहे, पत्ते आहेत, व्हरांड्यापर्यंत आलेलं हसू आहे, पण काकू काय म्हणतात ते कुठेच नाही. आणि बेत मात्र त्यांनाच उचलून नेण्याचा, तोही न सांगता. सांगलीत असं गुपचूप येऊन बसायचा मान एकट्या चोर गणपतीला आहे. भाद्रपदातल्या प्रतिपदेला तो येऊन बसतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. तुम्हाला मुलगीही बोलेल आणि काकूही.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बरोबर नाही. आत्ता तरी नाही.

पण तुमचा जीव तिथे का लागत नाही हे मला कळतं, आणि त्यात तुमची चूक काही नाही. मी ३१ वर्षं मिरजेत नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. अर्धांगाचे पेशंट घरी जायचे आणि काही महिन्यांनी परत यायचे ते कितीदा तरी जखमा घेऊन. माकडहाडापाशी, टाचेला, कमरेच्या हाडावर. म्हणून "अंगाला एक जखम होऊ दिली नाही" ही ओळ मी अधोरेखित केली. त्या ओळीत काय काय आहे हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, रात्री दोनला उठून ओलं तर नाही ना बघायचं. आम्हाला वॉर्डात ह्याला तीन पाळ्या लागायच्या. तुम्ही पंचाहत्तरीला तिन्ही पाळ्या एकट्याने केल्या. एसटीतून निवृत्त झालात तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं असेल, कोणीतरी दोन शब्द बोललं असेल. ह्या दुसऱ्या नोकरीतून मात्र तुम्हाला एका सकाळी "आजोबा, तुम्ही बसा" एवढ्यावर मोकळं केलं. हार नाही, फोटो नाही. आणि त्या नोकरीत तुम्ही रुळला होता.

आता हसण्याचं.

घरी काकू चोवीस तास पेशंट होत्या. तुम्ही मायेनेच बघत होता, पण बघत होता. कपातून चहा सांडला की तुमचा चेहरा, पाय अडखळला की तुमचा चेहरा. त्या चौघींच्या अड्ड्यात कोणाचा हात थरथरतो, कोणाला कमी ऐकू येतं, कोणी तोच किस्सा रोज नव्याने सांगते. तिथे काकूंचा डावा हात हा बोलण्याचा विषयच नाही. चौकटची सत्ती कोणी दाबून ठेवलीय, हा विषय आहे. आणि ५१ वर्षांत असं हसताना पाहिलं नाही म्हणता, तर काका, भरदुपारी मैत्रिणींत बसून पत्ते खेळायला त्यांना वेळ कधी होता? पहिल्या गाडीला तुमची ड्युटी असेल त्या दिवशी त्यांचा स्टोव्ह तीनला पेटत असणार. ते हसणं तुमच्यापासून लपवून ठेवलेलं नव्हतं. त्याला जागाच मिळाली नव्हती.

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझी आई शेवटची दोन वर्षं साताऱ्याकडच्या एका अशाच ठिकाणी होती. खुबा मोडल्यावर गेली. पहिल्या दिवाळीला मी तिला हौसेने घरी आणलं, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जरा तिकडे फोन लाव, वाती संपल्या असतील." तिथे देवघराच्या वाती वळायचं काम तिच्याकडे होतं. मी चिडले. म्हटलं, "आई, अगं हे तुझं घर आहे." तर म्हणते, "हो ना, म्हणून तर इथं मला कोणी काम सांगत नाही." मी आठवडाभर त्या वाक्यावर धुमसत होते. तुम्ही आज व्हरांड्यात जसे बसलाय ना, तशीच.

चेंडूवर तुमचा राग आहे, त्यातला अर्धा तुम्हाला मागे घ्यावा लागेल. बसल्या जागेवरून टोपलीकडे वाकून चेंडू टाकणं हा अर्धांगाच्या माणसासाठी व्यायाम असतो. धडाचा तोल सांभाळायचा, हात लांबपर्यंत न्यायचा, वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. हेच फिजिओथेरपिस्ट पलंगावर बसवून करायला लावतो तेव्हा पेशंट पाच मिनिटांत कंटाळतो, गोलात बसवलं की वीस मिनिटं निघतात. काकूंना त्याचा उपयोग आहे. तुम्हाला तोलाचा त्रास नसेल तर तुमचं तिथे काही काम नाही. साडेचारला खुशाल फाटकाबाहेर चक्कर मारायला जा. कोणी हजेरी लावत नाही.

उरलेला अर्धा राग मात्र तसाच ठेवा, तो रास्त आहे. "शाब्बास बाळा" हे म्हाताऱ्या माणसाला ऐकवायचं वाक्य नव्हे. हे त्या मुलीला बोलू नका. ती वीस-बावीसची असेल, जत नाहीतर कवठेमहांकाळकडून आलेली, आठ ते आठची ड्युटी करून वर खोलीभाडं भरणारी. तिला वाटतं असं बोलणं म्हणजे प्रेमाने बोलणं. मॅनेजरला गाठा. म्हणा, मला आणि माझ्या बायकोला नावाने किंवा आडनावाने हाक मारा, पुढे काका-काकू लावा, बाळ आम्ही नाही. लेखी द्या. तुम्ही कंट्रोलर होता, तक्रारवहीत लिहिलेलंच पुढे जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

सातच्या जेवणाचं कारण साधं आहे. दिवसपाळी आठला सुटते. त्याआधी जेवणं, गोळ्या, तोंड धुणं, पलंगावर घेणं एवढं सगळं उरकायचं असतं, कारण रात्रपाळीला माणसं निम्मी. हे बदलायचं नाही. पण सातला जेवलं आणि नाश्ता आठला असेल तर मध्ये तेरा तास जातात. दोघांपैकी कोणाला साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्री झोपताना काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नसेल तरी साडेनऊला कपभर दूध मागायला काहीच हरकत नाही, पैसे भरताय.

एक गोष्ट मात्र तुम्ही नीट बघून ठेवा, कारण ठिकाण चांगलं की वाईट हे माझ्या मते तिथेच कळतं. काकू चहाचा कप स्वतः उचलतात का? आणि वेळ लागला तर मुली थांबतात का? माझ्या आईला आधी जिथे ठेवलं होतं तिथे तिला चमच्याने भरवायचे. तिचं तिने खाल्लं तर चाळीस मिनिटं लागायची, भरवलं की दहा मिनिटांत ताट रिकामं. मी जायचे तेव्हा आई स्वच्छ, केस विंचरलेले, मला वाटायचं किती छान ठेवतात. दोन महिन्यांनी तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला तर तिने तो माझ्याकडेच परत केला आणि तोंड उघडलं. आम्ही जागा बदलली, पण घास उचलायला तिला पुन्हा शिकवावं लागलं, आणि पहिल्यासारखं जमलं नाहीच. मदत करणं आणि हातातलं काम काढून घेणं ह्यांतला फरक ज्या जागेला कळत नाही तिथून मात्र न विचारता, न थांबता माणूस हलवावा. तुमच्या पत्रावरून तरी काकूंची जागा तशी वाटत नाही. ज्या बाईला भरवतात ती दुपारी पत्त्यांचा अड्डा जमवत नाही.

आणि गावभागातल्या घराबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, म्हणून मीच विचारते. २०१९ च्या महापुरात तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं? ओट्याला, की माळ्याला? आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५४ ओलांडलं. तेव्हा काकू पायाने जिना चढत होत्या. आता तुम्ही त्यांना गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन पावसात नेताय. दिवसाची बाई रात्री नसणार. रात्री अकराला शेजारचा येऊन म्हणाला, "काका, वारणेचं पण पाणी सोडलंय, निघा," तर तुमची कंबर, त्यांची डावी बाजू आणि ती कॉट, तिघांपैकी कोण कोणाला उचलणार?

तेव्हा कॉट राहू दे. आधी विचारा.

कधी आणि कसं, तेही सांगते. जेवणाच्या टेबलावर नको, मुलीसमोर नको. वेणी घालताना विचारा. तुम्ही मागे असता, काकूंना तुमचा चेहरा दिसत नाही. आणि तुमचा चेहरा बघून उत्तर द्यायची त्यांना ५१ वर्षांची सवय आहे. "घरी जायचं ना?" असं विचारू नका, त्यात उत्तर भरलेलंच आहे. असं विचारा, की घरचं तुला काय आठवतं, आणि इथलं काय सोडवणार नाही. मग गप्प राहा. तीन पेड होईपर्यंत गप्प राहा. "तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका, दोन दिवसांनी परत विचारा.

कदाचित त्या म्हणतील, घरी चला. शक्य आहे. वॉर्डात मी अशा कितीतरी बायका पाहिल्या, ज्या नवऱ्याला अपराधी वाटू नये म्हणून हसत राहायच्या. तसं असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि न्या. पण पाऊस सरल्यावर, मुलीला बरोबर घेऊन, आणि आधी दिवाळीचे चार दिवस करून बघा. संडास-मोरीत भिंतीला धरायला दांडे बसवून घ्या, उंबऱ्यावर फळी टाका, रात्रीची बाई आधी ठरवा आणि मग दिवसाची. उचलायचं काम तुम्ही एकट्याने करायचं नाही. एकदा दोघं पडलात, पुढच्या खेपेला खुबा मोडला तर दोन खाटा लागतील.

आणि त्या म्हणाल्या, मला इथंच बरं वाटतं, तर? तर तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागेल. पण मग तुम्हीही त्यांना काहीतरी सांगा. "कंबर दुखते" नको. "मला तुझं करायची सवय लागली होती, आता दिवस जात नाही," असं सांगा. वेणी घालताना हेही बोलता येतं, तुम्हालाही त्यांचा चेहरा दिसत नसतो.

ती वेणी अजून तुम्हीच घालता का, हे पत्रात नीट कळलं नाही. "हात लावू देत नाहीत" म्हणता त्यावरून ती पण गेलेली दिसते. ती परत घ्या. मॅनेजरला सांगा, आंघोळ, कपडे तुमच्या मुली करू देत, संध्याकाळचं तेल-वेणी माझ्याकडे. काकूंच्या फाईलमध्ये तसं लिहून घ्या, म्हणजे पाळी बदलली की नवी मुलगी कंगवा काढून घेणार नाही. अशा ठिकाणी माणसं टिकत नाहीत; दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी नवी येते आणि तिला कोणी नीट दाखवत नाही. तुम्ही दाखवा. घालताना आधी लुळ्या हाताची बाही, काढताना आधी चांगल्या हाताची. उठवताना डावा हात धरून ओढायचं नाही, खांदा निसटतो. हे तुम्ही अडीच वर्षं केलंय, पुस्तकात वाचून आलेलं नाही. नवीन कंडक्टरला पहिल्या दिवशी कोणीतरी रूट दाखवतोच ना?

दुसरं एक काम माझ्या डोक्यात आलंय. काकू एका हाताने पत्ते कसे धरतात? बहुधा शेजारीण धरून देत असेल, म्हणजे तिला ह्यांचे पत्ते दिसत असणार, आणि बदाम सातमध्ये त्याने काय होतं ते तुम्हाला कळतंच. कपडे धुवायचा नवा ब्रश आणा, ताठ केसांचा. तो टेबलावर उलटा ठेवायचा, केस वर, आणि केसांमध्ये पत्ते खोचायचे. उभे राहतात, पडत नाहीत, उजव्या हाताने एकेक काढता येतो. आमच्या वॉर्डात हे सर्रास करायचो. त्याहून देखणं हवं असेल तर मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत जा, वीतभर पट्टीला करवतीने जरा तिरकी खाच मारून द्या म्हणा. तंबोऱ्याचा भोपळा घासणाऱ्याला तेवढं करायला चहा प्यायचासुद्धा वेळ लागणार नाही.

आता तुमचं स्वतःचं. बायका अशा ठिकाणी लवकर रुळतात, कारण त्या घर बरोबर घेऊन येतात. कोणी गवार मोडत बसलं की दुसरी येऊन हात घालते, ओळख करून द्यावी लागत नाही. पुरुषाचं तसं नाही. त्याच्या गप्पा कायम कशाच्या तरी निमित्ताने झालेल्या असतात. पानाची टपरी, बंद पडलेली स्कूटर, फलाटावर लागलेली गाडी. त्याला गोलात बसवून "बोला" म्हटलं तर तो बोलत नाही. तुम्ही पाच जणांत मित्र शोधत बसू नका, निमित्त शोधा.

एक निमित्त तर तुमच्या नाकासमोर असणार. तुमच्याकडे एखादी गाडी असेल, जी पेशंटना मिरजेच्या ओपीडीला नेते. गाडी एक, जाणारे चार, डॉक्टर तीन ठिकाणी, आणि सकाळी नऊला फाटकाशी गोंधळ. असा गोंधळ मी पाहिला नाही असं एकही ठिकाण नाही. मॅनेजरला म्हणा, मला आठवड्याच्या अपॉइंटमेंट द्या, मी तक्ता करून देतो. खडूने फळ्यावर लिहा, कोण किती वाजता, कुठे, बरोबर कोण. त्या दोघा ऐकू न येणाऱ्यांना फळा वाचता येतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची धावपळ असते, ८० च्या पुढच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. कोणाचा कधी, कोणाला बँकेत न्यायचं, कोणाचा चेहरा मोबाईलवर घेऊन भागेल, ही यादीही तुमच्याच हातची चांगली होईल.

आणि ते जमलं की एक सहल काढा. लांब नको. हरिपूरला संगमावर, येऊन-जाऊन दोन तासांत. एसटीची पायरी काकूंना चढवणार नाही हे तुम्ही जाणताच, तेव्हा खालच्या पायरीची गाडी बघा. एक सांगून ठेवते. तिथल्या निम्म्या लोकांना सकाळी पाण्याची गोळी असते. ती घेतली की दोन-तीन तास दर वीस मिनिटांनी लघवीला जावं लागतं, आणि कोणी लाजेने काही बोलत नाही, नुसतं "मला नाही यायचं" म्हणतात. म्हणून सहल संध्याकाळची ठेवा. गोळीची वेळ मात्र स्वतः हलवू नका, ते डॉक्टरांनी करायचं.

घर सोडायचं नाही, हेही माझं म्हणणं ऐका. तुम्ही चालते-फिरते आहात. आठवड्यातून दोन दिवस सकाळचा नाश्ता करून गावभागात जा. वडापने, म्हणजे खासगी जीपने, जा म्हणत नाही, एसटीच्या माणसाला तो शब्द सोसायचा नाही, बसने जा. खिडक्या उघडा, झाडून घ्या, लाइटबिल भरा, गणपतीच्या देवळापाशी तुमची जी मंडळी बसतात त्यांच्यात तासभर बसा. दुपारच्या चहाला परत या. फाटकावरच्या वहीत गेल्या-आल्याची वेळ लिहायची, झालं. येताना त्या चौघींना भडंगाचा पुडा आणा. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना मात्र भडंग द्यायचं नाही, सिस्टरला विचारून केळं द्या. बाहेरून येणाऱ्या माणसाकडे सांगायला काहीतरी असतं. दिवसभर खोलीत बसलेल्या माणसाकडे बायकोला विचारायला एकच प्रश्न उरतो, "आज कुठं होतीस?"

हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही असं राहिलं तर तिथे तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना काकूंच्या नव्हे, तुमच्या नावाने भेटा. वर्षानुवर्षं कोणाची सेवा केलेल्या माणसाला काम सुटल्यावर असं होतं आणि त्याला औषध असतं. कंबरेचंही त्याच वेळी दाखवा.

कॉटवाल्याला आजच फोन करा. ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा.

राहता राहिला तो चौघींचा अड्डा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मधून मला असं दिसलं की तुम्हाला तिथे बसायचंय आणि कोणी बोलावलेलं नाही. त्यांना वाटत असणार, कंट्रोलरसाहेब कशाला बायकांत बसतील. ब्रश घेऊन जा. तो काकूंच्या पुढ्यात उलटा ठेवा, पत्ते खोचून दाखवा आणि तिथेच खुर्ची ओढा. बदाम सात पाच जणांतही होतो. तिघांना दहा पानं येतात, दोघांना अकरा, आणि पहिल्या दिवशी अकरा तुम्ही घ्या.